भरदिवसाची चांदणी

टेप किंचाळायला लागली तशी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेली बाई दारातच थबकली.

"काय झालं वो त्याला?"

"काही नाही मावशी, प्रोग्राम चढतोय," सदा म्हणाला. "पंख्याचं बटण तेवढं कुणी दाबू नका. मागच्या रविवारी दाबलं आणि पहिल्यापासून सगळं करावं लागलं."

म्हणून ऐन मे महिन्यात आम्ही चौघं पंखा बंद करून त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत घाम पुसत बसलो होतो. साल १९८८. सदानंद कोठाळेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याचा मेहुणा मस्कतला होता. त्या मेहुण्यानं येताना हा घरगुती कॉम्प्युटर आणला. पाटीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो टीव्हीला जोडायचा. प्रोग्राम कॅसेटमध्ये असायचा आणि कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर वाजवायची, त्या किंचाळीतूनच प्रोग्राम डब्यात उतरायचा. बोरवेढ्यात तेव्हा बँकेतसुद्धा कॉम्प्युटर आलेला नव्हता. त्यामुळे सदाच्या डब्यानं सांगितलं की ते ब्रह्मवाक्य.

मी बोरवेढ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. रविवारी वाचनालय दुपारी उघडायचं, म्हणून सकाळी मी इथे येऊन बसायचे. तीन पुरुषांत एक उपळेकरबाई जाऊन बसते याची गावाला पहिलं वर्षभर फार काळजी वाटली. नंतर गावच कंटाळलं.

आमच्या बैठकीला आम्ही नवलमंडळ म्हणायचो. आठवड्यात ज्याला जे नवल सापडलं असेल ते त्यानं आणायचं. आभाळातलं, इतिहासातलं, नाहीतर सदाच्या डब्यातलं. आणलेलं नवल आधी कच्चं. ज्यानं "कच्चं" म्हणून शंका काढली असेल, त्यानंच ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं, आणि तो तपासत असताना आणणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पटलं तर पक्कं. पक्कं नवल दुकानाबाहेरच्या फळ्यावर जायचं आणि खाली दोन नावं यायची, शोधणारा आणि तपासणारा. बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून वाचायची, काही जण हसायची, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा थांबायची.

फळा लिहायचे केशवगुरुजी. केशव बारंगुळे, निवृत्त मास्तर. अक्षर असं की गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांचे पत्ते त्यांच्याकडेच यायचे. हे सगळे नियम त्यांनीच घातलेले. गुरुजींचं नवल म्हणजे शिवेचं. बोरवेढ्यापासून तासाभराच्या वाटेवर पूर्वी राज्य बदलायचं. इकडे इंग्रजी मुलूख, तिकडे निजामाची मोगलाई. मध्ये कोरलेले दगड रोवलेले. राज्यं गेली आणि दगड लोकांनी उचलले. कुठला दगड कुणाच्या विहिरीवर धुणं धुवायला लागला आहे, कुठल्याला शेंदूर फासून म्हसोबा केला आहे, हे गुरुजी शोधून काढायचे. म्हसोबावाला दगड तपासायला मी गेले होते, तेव्हा शेंदूर खरवडला म्हणून एका म्हातारीनं मला शिव्याशाप दिले होते.

चौथे लिंबाजी उकरंडे. चिंचेची आडत, पोट सुटलेलं, हसणं गडगडाटी. हे फक्त आभाळातलं आणायचे. आडतीवर बसून चिंचेचे भाव बोलणारा माणूस मंडळात येऊन मंगळ मागे कधी सरकतो ते सांगायचा, आणि हा नाद कुठून लागला विचारलं तर "लागला झालं" म्हणायचा.

गुरुजी आणि लिंबाजी लहानपणापासूनचे दोस्त. मी त्यांना कधी भांडताना पाहिलं नाही. एकच गोष्ट खटकायची. सणावाराला गुरुजींच्या घरी लिंबाजींचं ताट ठरलेलं असायचं, मीही पुष्कळदा असायचे. आणि बाहेर डझनभर भजी सहज संपवणारा हा माणूस तिथे एकदा वाढलेलं खाऊन ताटावर हात आडवा धरायचा. वहिनींनी कितीही आग्रह केला तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. पथ्य असेल, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी लिंबाजी हसत नव्हते.

"माझं नवल सांगतो," ते म्हणाले. "शुक्राची चांदणी भरदिवसा दिसती. दुर्बीण नको, काय नको. नुसत्या डोळ्यानं."

"कच्चं," गुरुजी म्हणाले.

एरवी गुरुजी चष्मा पुसायचे, पाणी प्यायचे, मग शंका काढायचे. आज वाक्य संपायच्या आतच त्यांनी ते म्हटलं.

"आपण ह्याला विचारू की," सदा उत्साहात आला. टेप थांबली होती, पडद्यावर अक्षरं आली होती. ग्रहांचा हा प्रोग्राम त्यानं एका इंग्रजी मासिकातून एकेक ओळ बघून स्वतः भरला होता. ठिकाण, तारीख, वेळ घातली की ग्रह कुठल्या दिशेला किती वर आहे ते तो सांगायचा. सदानं आजची तारीख घातली, सकाळचे साडेअकरा घातले. डबा बराच वेळ विचारात पडला.

"शुक्र क्षितिजाच्या खाली," सदानं वाचलं. "म्हणजे आत्ता उगवलेलाच नाही, शेठ. दिसायचा प्रश्नच नाही."

लिंबाजी टीव्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"जुनं सांगतंय का ह्ये? चाळीस वर्सामागलं?"

"कुठलंही सांगतं. तारीख बोला."

"लिंबाजी, पुरे," गुरुजी म्हणाले.

"बारा मे, अठ्ठेचाळीस साल. वेळ हीच घाल."

सदानं घातलं. मी गुरुजींकडे पाहिलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. बाहेर मिक्सरवाली बाई अजून उभी होती. डब्यानं पुन्हा तेच सांगितलं. शुक्र क्षितिजाच्या खाली.

"तेव्हाही नव्हता, शेठ."

लिंबाजींनी मान हलवली. गुरुजींनी उठून लिंबाजींच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल.

"झोप लागली होती, लिंबा. सोळा वर्षांचं पोर होतास. आईनं मनात धरलं नाही, मी धरलं नाही. कशाला उकरून काढतोस?"

लिंबाजींनी खांद्यावरचा हात काढला. रागानं नाही, हळूच काढला. "आडतीवर गाडी यायची हाय," म्हणाले आणि गेले.

गुरुजीही गेल्यावर मी सदाला विचारलं. मी गावात परकी, नऊ वर्षांपूर्वी आलेली. सदाला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण ते गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

निजामाच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांचे तळ तेव्हा शिवेच्या अलीकडे, इंग्रज सोडून गेलेल्या मुलखात होते. बोरवेढ्याजवळही एक लहानसा तळ होता, पाच-सहा जणांचा, एका पत्र्याच्या खोपटात. त्यांत गुरुजींचा थोरला भाऊ माणिक होता. माळाच्या उंचवट्यावर शिवेचा दगड आहे, तिथे पहाऱ्याला लिंबाजी. मोगलाईकडून कुणी येताना दिसलं की काठीला बांधलेलं लाल फडकं हलवायचं, एवढंच काम. त्या दिवशी दुपारच्या आधी रझाकारांची टोळी माळाखालच्या ओढ्यातून आली. लाल फडकं हललंच नाही. खोपटातले बाकीचे पळाले. माणिकला गोळी लागली आणि तो तिथेच गेला.

"आणि लिंबाजी?"

"ते म्हणाले, मी चांदणी बघत होतो. भरउन्हात, बोला आता. लोक मारायलाच उठले होते. कुणी म्हणे पोरगं फितूर झालं. तेव्हा गुरुजींच्या आईनं सगळ्यांना थांबवलं. दोन रात्री जागलेलं लेकरू आहे, डोळा लागला असंल, म्हणाली. स्वतः हाताला धरून घरी नेलं आणि जेवायला वाढलं. माउलीचा मुलगा गेलेला, बाई. तिनं म्हटल्यावर कोण काय बोलणार? मिटलं तिथंच."

"आणि चांदणी?"

"त्यावर परत कुणी काही बोललं नाही. घाबरून काहीतरी सांगितलं असेल पोरानं."

त्या संध्याकाळी मी वाचनालय बंद करून घरी चालले होते. दिवस नुकताच मावळला होता. पाण्याच्या टाकीच्या वर, पश्चिमेला, शुक्र पेटला होता. अख्खा उन्हाळा तो तिथेच असायचा. आज मी थांबून बघितला. आणि मला एक साधी गोष्ट सुचली. जी चांदणी सूर्य मावळल्यावर इतकी वर असते, ती सूर्याच्या मागून चाललेली असते. म्हणजे ती सकाळी सूर्याच्या मागून उगवलेली असणार. दुपारी क्षितिजाखाली ती असेल कशी?

मी तशीच उलटी फिरले. सदा शटर ओढत होता.

"सदा, तुझ्या डब्याला विचार, शुक्र आत्ता कुठे आहे."

पुन्हा टेप किंचाळली. डब्यानं सांगितलं, शुक्र पूर्वेला, नुकताच उगवलेला. मी सदाला दंडाला धरून दारात आणलं आणि पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं. तो टाकीकडे बघत राहिला आणि मग त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही. ठिकाण घालताना रेखांश घालायचे असतात. ते मासिक ज्यांचं, त्यांच्याकडे पश्चिमेचे रेखांश अधिक धरायची रीत. पूर्वेचे घालायचे तर आधी वजा चिन्ह द्यावं लागतं. सदानं सरळ पंचाहत्तर घातले होते. डबा इतके दिवस अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावावरचं आभाळ आम्हाला सांगत होता आणि आम्ही बोरवेढ्यात बसून माना डोलावत होतो. हल्ली फोन आभाळाकडे धरला की तो ग्रहांची नावं लिहून दाखवतो. तरी मी आधी एकदा बाहेर जाऊन बघून येते.

सदानं वजा चिन्ह घातलं. आजचे साडेअकरा: पूर्वेला, चांगला वर. मग न विचारता त्यानं अठ्ठेचाळीस सालची तारीख घातली. शुक्र पूर्वेला, साधारण तितकाच वर. आणि चंद्राची बारीक कोर त्याच्या अगदी शेजारी.

"बाई," तो हळूच म्हणाला, "माणूस खरं बोलत होता की हो."

मला फार आनंद झाला, तो लपवत नाही. एका माणसाचा चाळीस वर्षं खोटा ठरलेला शब्द खरा होणार होता, आणि तोही आमच्या मंडळामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पेपर वाचायला वाचनालयात आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. रेखांश, वजा चिन्ह, चंद्राची कोर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही कच्चं म्हणालात," मी म्हटलं. "तपासायला तुम्हालाच जावं लागणार. उद्या आडतीला सुट्टी आहे."

"मी शंका मागे घेतो."

"मागे घेता येत नाही. नियम तुमचाच आहे."

"मग मंडळ बंद करा."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

"गुरुजी, तुमचे मित्र आहेत ते. त्यांचा शब्द खरा ठरला तर तुम्हाला आवडणार नाही का?"

"तुम्हाला वाटतंय, बाई, तुम्ही त्याचं भलं करताय."

"त्यांचा शब्द खरा ठरेल."

"हो," गुरुजी म्हणाले. "त्याचा शब्द खरा ठरेल." आणि न वाचलेला पेपर घडी घालून त्यांनी परत ठेवला. दारापर्यंत जाऊन ते वळले. "किती वाजता निघायचं?"

ही नुसती मास्तरकी आहे असं मी तेव्हा समजले. चूक कबूल करायला जड जात असेल, असं वाटलं.

मंगळवारी सकाळी आम्ही चौघं माळावर गेलो. सदानं लिंबाजींना आपल्या लुनावर बसवून आणलं, आणि चढावर लुना त्यांच्या वजनानं इतकी कण्हत होती की शेवटी दोघं उतरून चालत आले. माळावर एक लिंबाचं झाड आणि त्याच्यापासून चार पावलांवर शिवेचा दगड. एका अंगाला इंग्रजी आकडा, दुसऱ्या अंगाला उर्दू अक्षरं, दोन्ही झिजलेली. समोर पूर्वेला मोगलाईतलं खामजवळगा, त्याच्या देवळाचा पांढरा कळस. मधून एक कोरडा ओढा वळणं घेत पार माळाच्या पायथ्याशी येतो. मागे, बोरवेढ्याच्या बाजूला, जिथे ते खोपट होतं तिथे आता कुणाचातरी ऊस होता.

उन्हाचा चटका बसायला लागला होता, पण आभाळ स्वच्छ होतं. सदानं गुरुजींना झाडाच्या बुंध्याशी असं उभं केलं की सूर्य फांदीआड राहावा.

"कळस दिसतो का? तिथनं थोडं डाव्या हाताला. आता हात लांब करा आणि वितीनं मोजा. दोन विती वर. घाई करू नका. डोळ्यांना लांबचं बघायची सवय होऊ द्या."

लिंबाजी नियमाप्रमाणे मागे, दगडाला टेकून उभे होते. तोंड बंद. त्यांच्या हातात टोपी होती आणि ती ते सारखी पिळत होते.

गुरुजी बघत राहिले. मीही बघत होते, मला नुसतं निळं दिसत होतं. गुरुजींनी एकदा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सदा पुन्हा सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आहे," ते म्हणाले.

मग मलाही दिसली. पांढरा एवढासा ठिपका, निळ्या कापडावर मिठाचा कण पडावा तसा. एकदा दिसल्यावर वाटलं, ही तर इतकी स्पष्ट आहे, आधी दिसली कशी नाही!

सदानं टाळी वाजवली. मी लिंबाजींकडे वळले, काहीतरी आनंदाचं बोलणार होते. पण गुरुजी आधी बोलले. आभाळावरची नजर काढून ते लिंबाजींकडे वळले होते.

"म्हणजे तू जागा होतास."

"व्हय," लिंबाजी म्हणाले.

"आई मरेपर्यंत म्हणत होती, झोपलं असंल लेकरू. झोपलेल्याला काय शिक्षा करायची, म्हणायची. मी चाळीस वर्षं तेच धरून बसलोय. झोपला होतास म्हणून माझं तुझ्याशी जमलं, लिंबा. झोपला होतास म्हणून तुझ्या शेजारी जेवायला बसू शकलो."

"म्हाईत हाय मला."

"आणि तू जागा होतास. डोळे उघडे ठेवून इथं उभा होतास, आणि आमचा माणिक तिकडे…"

"व्हय. जागा हुतो." लिंबाजींचा आवाज चढला नव्हता. "मी पयल्या दिवसापासनं तेच सांगतोय, केशव. तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, गप जेव. तुमी झोपलेल्या पोराला माफी दिली. ती माझी नव्हती. दर सणाला तुझ्या घरी यायचं आन दुसऱ्याची माफी खायाची. घास उतरत नव्हता. मला माझं माझ्या नावावर पायजे. शिव्या दे, दारात उभा करू नको, पन मला, लिंबाजीला, दे."

सदा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. परवाचा माझा आनंद मला आता चांगलाच टोचत होता. पेपरची घडी घालताना गुरुजींना हे सगळं दिसत होतं आणि तरीही ते आले होते.

गुरुजी पुन्हा झाडाकडे वळले, बहुधा आमच्याकडे बघायला नको म्हणून. त्यांनी वर पाहिलं.

"गेली," ते चिडून म्हणाले. "कुठे गेली?"

"नजर काढली की जाती," लिंबाजी म्हणाले. "मग लवकर घावत नाय. म्हनून तर मी…" ते तिथेच थांबले.

गुरुजींनी पुन्हा कळस धरला, डावीकडे सरकले, हात लांब करून विती मोजल्या. या खेपेला जास्त वेळ लागला. मला वाटलं आता ते नाद सोडतील. मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला आणि हळूहळू खाली आला, पण मान वरच होती. सापडली होती. आता ते ती सोडणार नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात वर नेला नाही.

तेवढ्यात खालच्या ओढ्यातून शेळ्या वर आल्या. वीस-पंचवीस असतील, पुढच्या बोकडाच्या गळ्यात घुंगरू. मागे काठी घेतलेली एक बाई. शेळ्या थेट झाडाकडे आल्या, गुरुजींच्या दोन्ही बाजूंनी गेल्या, एकीनं त्यांच्या धोतराचं टोक तोंडात धरून ओढून बघितलं. बाई जवळून जाताना म्हणाली, "रामराम मास्तर. काय बघताय?" उत्तर आलं नाही तशी तिनं माझ्याकडे पाहून डोक्याशी बोट फिरवलं आणि कळपामागून बोरवेढ्याच्या बाजूला उतरली. घुंगराचा आवाज उसापर्यंत जाऊन मिटला.

गुरुजी बघतच होते.

शेवटी मान अवघडली असेल. त्यांनी डोळे मिटले, उपरण्यानं चेहरा पुसला आणि खाली पाहिलं. पायाभोवती ताज्या लेंड्या पडल्या होत्या. धोतराचं टोक ओलं होतं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, मग वळून उसाच्या दिशेला उडालेली धूळ पाहिली.

"शेरडं कधी आली?" त्यांनी विचारलं.

सदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला.

"आत्ताच गेली," लिंबाजी म्हणाले.

"कुठनं आली?"

लिंबाजींनी हातातली टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

"खामजवळग्याकडनं," ते म्हणाले. "वढ्यानं."

गुरुजी हळूहळू येऊन शिवेच्या दगडावर बसले. धोतराचं ओलं टोक अजून त्यांच्या हातातच होतं. थोड्या वेळानं त्यांनी बाजूला सरकून जागा केली. लिंबाजी बसले. दोघं त्या दगडावर पाठीला पाठ लावून बसले, एकाचं तोंड बोरवेढ्याकडे आणि एकाचं खामजवळग्याकडे, आणि मी सदाला म्हटलं की चल, आपण लुना ढकलत खाली जाऊ.

संध्याकाळी वाचनालयातून येताना सदाच्या दुकानापुढे पाच-सहा माणसं उभी दिसली. फळा कोरा पुसून नव्यानं लिहिला होता, गुरुजींच्या अक्षरात, फक्त जरा मोठं.

*शुक्र भरदिवसा दिसतो. मात्र तो पाहत असताना पाहणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. पक्कं.*

*शोधणारा: लिंबाजी उकरंडे, मे १९४८.*

*तपासणारा: केशव बारंगुळे, मे १९८८.*

बेंदराला, बैलांच्या सणाला, गुरुजींकडे मीही जेवायला होते. वहिनी पुरणपोळीचं ताट घेऊन दुसऱ्यांदा फिरायला लागल्या. लिंबाजींच्या पुढे आल्यावर त्या सवयीनं नुसत्या विचारायचं म्हणून थांबल्या आणि पुढे निघाल्यासुद्धा.

"वहिनी," लिंबाजी म्हणाले, "मला विसरलात का काय?"

वहिनींनी गुरुजींकडे पाहिलं.

"वाढ की," गुरुजी म्हणाले. "दोन वाढ. आणि वर तूप सोड."